ध्रुवाची उंची आणि छताची कड

परभणी शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंश १६ कलांवर वसलेले असल्यामुळे तेथून दिसणारा ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण तेवढ्याच उंचीवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोणत्याही स्थळाचा अक्षांश म्हणजे तेथून दिसणाऱ्या आकाशातील ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची, या एका भौमितिक नियमातून ही दोन्ही दृश्ये निघतात आणि त्याच नियमावर सर्वेक्षणशास्त्राची एक शाखा उभी आहे. सूर्य व तारे यांच्या निरीक्षणावरून जमिनीवरच्या बिंदूचे अक्षांश, रेखांश व दिशा ठरवणाऱ्या या शाखेला क्षेत्रीय खगोलशास्त्र म्हणतात. दुसरी शाखा हवाई छायाचित्रमापनाची असून तीत आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जमिनीची मोजमापे काढली जातात. कानेटकर-कुलकर्णी यांच्या, पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या व अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हाताखालून गेलेल्या पाठ्यपुस्तकामुळे हे विषय महाराष्ट्रात सुपरिचित झाले, पण बहुतेकांच्या लेखी ते परीक्षेपुरतेच राहिले. परभणी जिल्ह्याच्या जमिनीवर मात्र या दोन्ही शास्त्रांची छाया पडलेली आहे. बिंदू कोठे आहे हे त्यांनी उत्तरोत्तर अधिक अचूकपणे सांगितले. हद्द कोणाची हे सांगणे त्यांच्या कक्षेत कधीच नव्हते, आणि या दोन प्रश्नांची गल्लत झाली की मोजणी संपली तरी तंटा संपत नाही.

यांपैकी पहिल्या शास्त्राचा जिल्ह्याशी असलेला संबंध पाचशे वर्षांहून जुना आहे. 'सिद्धान्तसुंदर' या ज्योतिषग्रंथाचा कर्ता ज्ञानराज हा गोदावरीच्या परिसरातील पार्थपूरचा रहिवासी होता आणि पार्थपूर म्हणजे आजची पाथरी असे अभ्यासक मानतात. त्या ग्रंथातील गणिताचा आरंभकाल शके १४२५, म्हणजे इ.स. १५०३ हा आहे. ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर व बीजगणितावर टीका लिहिल्या, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या पितापुत्रांची दखल घेतली. 

त्या परंपरेतील ज्योतिषी अक्षांश अंशांत सांगण्याऐवजी बहुधा पलभेने सांगत. पलभा म्हणजे दिवस व रात्र समान असलेल्या विषुवदिनी, माध्यान्ही, बारा अंगुळे उंचीच्या उभ्या शंकूची पडणारी सावली होय. पाथरी-परभणीच्या अक्षांशावर ही सावली सुमारे चार अंगुळे बारा व्यंगुळे भरते. व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग. दिशा काढण्याची रीतही तितकीच साधी होती. सपाट जागी शंकूभोवती वर्तुळ आखून सकाळी सावलीचे टोक त्या वर्तुळात जेथे शिरते आणि दुपारनंतर जेथून बाहेर पडते ते दोन बिंदू जोडले की पूर्वपश्चिम रेषा मिळते, कारण त्या दोन क्षणी सूर्याची उंची समान असते. दरम्यानच्या काही तासांत सूर्य स्वतः उत्तरेस वा दक्षिणेस किंचित सरकलेला असल्याने या रेषेला सुधारणा द्यावी लागते, हेही जुन्या सिद्धान्तकारांना ठाऊक होते. थिओडोलाइटने सूर्य वा तारा मध्यान्हरेषेच्या दोन्ही बाजूंस समान उंचीवर असताना वेधण्याची जी रीत आधुनिक पाठ्यपुस्तकात दिलेली असते, ती तत्त्वतः हीच होय. काठीच्या जागी दुर्बीण आली आणि अंगुळांच्या जागी विकला आल्या.

विकलांपर्यंत पोहोचायचे म्हटल्यावर ध्रुवतारा वाटतो तितका भोळा राहत नाही. तो नेमक्या ध्रुवबिंदूवर नसून आजच्या घडीस त्याच्यापासून सुमारे ३८ कला दूर राहून त्याच्याभोवती फिरत असतो, त्यामुळे परभणीहून पाहताना तो खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस वा पश्चिमेस जास्तीत जास्त ४० कलांपर्यंत सरकलेला दिसतो. वेळेचा हिशेब न करता त्यालाच उत्तर मानून शंभर मीटर लांबीची रेषा आखली, तर तिचे दुसरे टोक मीटरभराहून अधिक बाजूला जाऊ शकते. शिवाय १९ अंशांइतक्या कमी उंचीवर ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून तिरपा येत असल्याने वाकतो आणि तारा आहे त्याहून पावणेतीन कलांनी उंच दिसतो. ही सुधारणा विसरल्यास अक्षांशात पाच किलोमीटरची चूक होते. तरीही दिशेसाठी तारा वेधण्याला पर्याय नव्हता, कारण मराठवाड्याच्या पायाखालचा काळा बसाल्ट स्वतःच चुंबकीय गुण बाळगून असल्यामुळे या प्रदेशात होकायंत्राची सुई ठिकठिकाणी भुलते.

वेळेचेही असेच आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशावरची असून परभणी त्याच्या पश्चिमेस सुमारे ५ अंश ४३ कलांवर असल्याने तेथील सरासरी स्थानिक वेळ घड्याळाच्या जवळजवळ २३ मिनिटे मागे असते. त्यात पृथ्वीची कक्षा व आसाचा कल यांमुळे पडणारा हंगामी फरक मिसळला की नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, सूर्य १२ वाजून ६-७ मिनिटांनी मध्यान्हरेषेवर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास त्याला १२ वाजून ३७ मिनिटे होतात. परभणीच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने फिरत असतो, म्हणून ताऱ्यावरून रेखांश काढताना घड्याळात एका सेकंदाची चूक राहिली तर नकाशावरचा बिंदू तेवढाच सरकतो.

ही शास्त्रीय काटेकोरता या प्रदेशाच्या अगदी जवळून गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे दक्षिणोत्तर असा महाकंस आकारास आला. बिदरच्या परिसरातील दामरगिड्डा हे त्याचे एक प्रमुख ठाणे आणि त्या काळच्या कागदपत्रांत टाकळ खेडा म्हणून नोंदलेले वऱ्हाडातील ठाणे हे त्याच्या उत्तरेकडचे दुसरे. या दोहोंमधून जाणारी त्रिकोणांची साखळी परभणी शहराच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटरवरून उत्तरेस गेली, म्हणजे परभणीचे अक्षवृत्त तिने नांदेडच्याही पलीकडे ओलांडले. लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले; त्याने १८३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कंसाचे गणित आहे.

या कामात अक्षांश मोजण्यासाठी ध्रुवताऱ्याऐवजी शिरोबिंदूच्या आसपासून जाणारे तारे वापरले जात, कारण डोक्यावरच्या प्रकाशाला वातावरण जवळजवळ वाकवत नाही. या निवडीमुळे एक दोष गेला, पण दुसरा उघडा पडला. शिरोबिंदू ठरतो तो ओळंब्यावरून, आणि ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे तंतोतंत न झुकता जवळच्या डोंगरांच्या वस्तुमानाकडेही किंचित ओढला जातो. टाकळ खेड्याच्या उत्तरेकडील डोंगराळ पठारामुळे असे घडत असावे हे एव्हरेस्टने नोंदवले. पुढे उत्तरेतील कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक त्रिकोणांवरून काढला तर एक आणि ताऱ्यांवरून काढला तर दुसरा येऊ लागला व दोहोंत सव्वापाच विकलांची तफावत राहिली. हिमालयाच्या आकर्षणाचा हिशेब केला तर ती याहून बरीच मोठी यायला हवी होती. या कोड्यातूनच प्रॅट व एअरी यांनी १८५५ च्या सुमारास व त्यानंतर पर्वतांखालच्या वस्तुमानाविषयी ज्या कल्पना मांडल्या, त्यांतून आलेले तत्त्व भूगर्भशास्त्रात समस्थायित्व म्हणून प्रसिद्ध आहे.

सर्वेक्षणातल्या एका विसंगतीने भूगर्भशास्त्राला नवी दिशा दिली, हे खरेच. तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता अक्षांशातील एक विकला म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३१ मीटर. सव्वापाच विकला म्हणजे दीडशे मीटरांहून अधिक. पृथ्वीचा आकार ठरवायला ज्या अचूकतेचे कौतुक झाले तीच अचूकता शेताच्या बांधापाशी निरुपयोगी ठरत असे, आणि म्हणूनच महसुली मोजणी ताऱ्यांच्या वाटेला गेली नाही.

परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सालारजंग यांच्या सुधारणांनंतर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात मराठवाड्याच्या जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनींची मोजणी व जमाबंदी होऊ लागली. या पद्धतीतील साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे केलेले असत. एका साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे जे हिशेब आजही लोकांच्या बोलण्याव्यवहारात टिकून आहेत ते या साखळीतून आलेले आहेत. मोजणीदार शेताच्या आत एक मुख्य रेषा घेई, शंकूच्या साहाय्याने, म्हणजे काटकोन साधणाऱ्या उपकरणाने, त्या रेषेवरून कोपऱ्यांपर्यंत लंब टाकी आणि ही सर्व मापे एका कच्च्या आराखड्यावर लिही. त्या आराखड्याला टिपण म्हणतात. साखळीचा आणा हा दोन फुटांहून थोडा मोठा असल्याने अर्ध्या आण्याची, म्हणजे फूटभराची, चूक या पद्धतीत गृहीतच होती. टिपणावर दिलेली उत्तर दिशा साधारण असे, अक्षांश-रेखांश तर नसतच. प्रत्येक शेत स्वतःपुरते बरोबर आणि शेजारच्या शेताशी जेमतेम जुळणारे, अशी ही व्यवस्था होती. ती टिकली, कारण हद्दीचा अंतिम पुरावा कागदापेक्षा जमिनीवर होता: दगड, धुरा, वहिवाट आणि शेजाऱ्यांची साक्ष. मराठवाड्यात १९५४-५५ सालचे खासरा पत्रक आजही महत्त्वाचा पुरावा मानले जाते ते जमीन प्रत्यक्षात कोणाकडे होती याच्या त्यातील नोंदींमुळे. मोजमापाच्या सूक्ष्मतेचा त्याच्याशी संबंध नाही.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा जिल्ह्याच्या मातीत होता. परभणी, पूर्णा, मानवत, सेलू या भागांतील खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. अशा जमिनीत फूट-दीड फूट पुरलेला हद्दीचा दगड वर्षानुवर्षांच्या या हालचालीने तिरपा होतो, खचतो किंवा वर येतो, आणि नांगराचा धक्का लागून तो सरकला की सरकवला, हे सांगणे कठीण होऊन बसते. आधुनिक नियंत्रण बिंदूलाही, म्हणजे ज्याचे स्थान आधी काटेकोर ठरवून इतर मापे त्याला बांधतात त्या खुणेलाही, हीच अडचण येते. काळ्या मातीत त्याचा पाया खालच्या मुरमापर्यंत नेल्याशिवाय त्याच्या स्थानातील मिलिमीटरांना अर्थ राहत नाही.

छायाचित्रावरून मोजण्याची कला हैदराबाद संस्थानात प्रथम जमिनीसाठी नव्हे तर आकाशासाठी रुजली. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापन केलेली आणि १९०८ साली संस्थानाने ताब्यात घेतलेली निजामिया वेधशाळा, पॅरिस येथे १८८७ साली ठरलेल्या जागतिक तारा-छायाचित्र प्रकल्पात सहभागी झाली आणि तिने आकाशाच्या ठरावीक पट्ट्यांतील ताऱ्यांची स्थाने काचेच्या छायाचित्रपट्टिकांवरून मोजली. त्या पट्टिकेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. पट्टिकेवर पाच-पाच मिलिमीटरांच्या अंतराने बारीक जाळीही छापलेली असे, जेणेकरून रासायनिक प्रक्रियेत थर ताणला वा आकसला तर ते कळावे. काही ताऱ्यांची स्थाने आधीच ठाऊक असत. त्यांच्या आधारे बाकीच्या अनोळखी ताऱ्यांची काढली जात. हवाई छायाचित्रमापनाची मूळ रचना नेमकी हीच आहे, फक्त कॅमेरा खाली वळलेला असतो: ज्ञात ताऱ्यांच्या जागी ज्ञात नियंत्रण बिंदू येतात आणि जाळीच्या जागी छायाचित्राच्या कडांवरच्या ठरावीक खुणा. पाठ्यपुस्तकात शेजारी ठेवलेले दोन विषय असे एकाच गणिताचे निघतात, पण वर्गात हे क्वचितच सांगितले जाते.

या गणिताचा गाभा थोडक्यात असा की, जमिनीवरचा बिंदू, भिंगाचा मध्य आणि छायाचित्रावरची त्याची प्रतिमा हे तिन्ही एका सरळ रेषेत असतात. छायाचित्र घेताना कॅमेरा अवकाशात कोठे होता हे सांगायला तीन आणि तो कोणकोणत्या बाजूंनी किती कलला होता हे सांगायला तीन, अशी सहा अज्ञाते असतात. प्रत्येक नियंत्रण बिंदू दोन समीकरणे देतो, म्हणून किमान तीन बिंदू लागतात. भिंगाचे नाभीय अंतर आणि उड्डाणाची उंची यांचे गुणोत्तर म्हणजे छायाचित्राचे प्रमाण. विमानातील जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर १५२ मिलिमीटर धरले आणि विमान जमिनीपासून १५२० मीटरवर असले तर प्रमाण १:१०,००० येते व २३ सेंटिमीटरच्या चौकोनी छायाचित्रात सव्वादोन किलोमीटरहून अधिक लांबीरुंदीचा मुलूख मावतो. एका छायाचित्रातून उंची कळत नाही. म्हणून लागोपाठची छायाचित्रे किमान ६० टक्के एकमेकांवर येतील अशी घेतात, म्हणजे प्रत्येक वस्तू दोन ठिकाणांहून दिसते आणि तिच्या प्रतिमेच्या स्थानांतरावरून तिची उंची निघते. भारतात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण डेहराडून येथे १९६६ साली नेदरलँड्सच्या सहकार्याने स्थापन झालेल्या संस्थेत सुरू झाले; तीच आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते.

शेती विमानातून मोजणे खर्चाचे असल्याने ही विद्या प्रदीर्घ काळ धरणे, कालवे, रस्ते आणि लहान प्रमाणाचे नकाशे यांच्यापुरती राहिली. ड्रोनने हे चित्र बदलले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात डिजिटल शेतीसाठी यंत्रमानव व ड्रोन यांच्या वापरावर राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली काम झाले. तेथे ड्रोनचा उपयोग पिकाची अवस्था पाहणे व फवारणी यांसाठी आहे. हद्दीशी त्याचा थेट संबंध आला तो गावठाणात. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी भूमी अभिलेख विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी प्रायोगिक ड्रोन मोजणी केली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतून गावठाणांच्या अशा मोजणीला राज्यभर वेग आला. शेतांना निदान टिपण तरी होते; बहुसंख्य लहान गावांच्या गावठाणांना घराघराचा नकाशाच नव्हता, आणि ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीवरचा उतारा हाच मालकीचा कागद मानला जाई.

या मोजणीत आधी ग्रामसभेत माहिती दिली जाते, मग घरांच्या व मोकळ्या जागांच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात. त्यानंतर ड्रोन सुमारे १२० मीटर उंचीवरून, छायाचित्रे एकमेकांवर भरपूर चढतील अशा रीतीने, समांतर पट्ट्यांत उडवतात. छायाचित्रातील एका बारीक ठिपक्याची जमिनीवरची रुंदी पाच सेंटिमीटरच्या आत राहावी अशी अपेक्षा असते. मग उंचसखलपणामुळे व कॅमेऱ्याच्या कलामुळे आलेले दोष काढून सर्वत्र सारख्या प्रमाणाचे एकसंध चित्र तयार करतात, त्यावरून मिळकतींच्या रेषा ओढतात, तो नकाशा गावात आणून पडताळतात, चौकशी करतात, हरकती घेतात आणि अखेर सनद व मालमत्ता पत्रक देतात.

या साखळीतील सर्वांत नाजूक कडी छतापाशी असते. मध्यवर्ती प्रक्षेपणात उंच वस्तूचे टोक छायाचित्राच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस सरकलेले दिसते आणि हे सरकणे वस्तूच्या उंचीच्या व मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. १२० मीटरवरून पाहताना १२ मीटर उंचीच्या देवळाच्या शिखराचे टोक छायाचित्राच्या मध्यापासूनच्या अंतराच्या दहाव्या हिश्शाने बाहेर फेकले जाते. गणिताने हे सुधारता येते. पण ड्रोनला वरून छत दिसते, भिंत दिसत नाही, आणि मराठवाड्याच्या जुन्या गावात या दोहोंत बराच फरक असतो. माळवदाच्या घराची भिंत व छत जवळजवळ एका रेषेत असतात, म्हणून तेथे फसगत कमी. पत्र्याच्या किंवा उतरत्या छपराच्या घराची कड मात्र भिंतीच्या एक-दीड हात पुढे येते. त्या कडेवरून पावसाळ्यात पडणाऱ्या पागोळ्या कोणाच्या जागेत पडाव्यात यावरून बोळात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. छताची कड हीच हद्द धरली तर पागोळीची जागा आपोआप छतवाल्याची होते; भिंत धरली तर ती बोळाची किंवा शेजाऱ्याची राहते. लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली झाकलेला कोपरा तर वरून मुळीच दिसत नाही. अशा ठिकाणी भूकरमापक टेप घेऊन भिंतीपाशी जातो आणि कडेपासून पायापर्यंतचे अंतर मोजतो. पाच सेंटिमीटरच्या चित्राची खरी किंमत या एका आडव्या मापावर अवलंबून असते.

ड्रोनच्या कामात तारे उरले नाहीत असे वाटते, पण ते खरे नाही. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरवताना उपग्रहांच्या कक्षा एका स्थिर अवकाशचौकटीत मांडाव्या लागतात आणि पृथ्वी त्या चौकटीत नेमकी किती फिरली आहे हे सतत तपासावे लागते. हे काम दूरवरच्या क्वासार नावाच्या ज्योतींचे रेडिओ वेध घेणाऱ्या दुर्बिणी करतात. पृथ्वीच्या परिवलनाच्या हिशेबात एक सहस्रांश सेकंदाची चूक राहिली तर परभणीच्या अक्षांशावर ती जमिनीवरच्या सुमारे ४४ सेंटिमीटरांइतकी होते. उंचीच्या बाबतीत एव्हरेस्टचा ओळंबाही परत येतो: उपग्रह जी उंची देतो ती गणिती लंबगोलापासूनची असते, आणि दख्खनमध्ये समुद्रसपाटीची खरी पृष्ठभूमी या लंबगोलाच्या साठ मीटरांहूनही अधिक खाली असल्यामुळे ती थेट वापरून कालव्याचा उतार आखता येत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रभर उभारलेली कायम चालू राहणारी संदर्भ केंद्रे, ज्यांना व्यवहारात कॉर्स म्हणतात, यांच्या आधारे आता शेतांची मोजणीही रोव्हरने होऊ लागली आहे. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला ग्राहक. संदर्भ केंद्रांकडून मिळणाऱ्या सुधारणांमुळे त्याची अचूकता एक-दोन सेंटिमीटरपर्यंत येते. जुन्या टिपणावरची फूटभराची चूक यामुळे प्रथमच स्पष्ट दिसू लागते, आणि दोन शेजाऱ्यांची टिपणे एकाच चौकटीत बसवताच कोठे फट तर कोठे चढ निघते. येथे यंत्र नवे असले तरी निर्णय जुन्याच पुराव्यावर घ्यावा लागतो, म्हणून अनुभवी मोजणीदार धुऱ्यावर उभा राहून प्रथम टिपण उघडतो व मग रोव्हर सुरू करतो.

आणखी एक गोष्ट क प्रतीवरच्या आकड्यांविषयी, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशाविषयी. भारतीय भूपट्ट जागतिक चौकटीत ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत असतो, म्हणजे एका वर्षात ड्रोनच्या चित्रातील जवळजवळ एक ठिपका. शेताच्या लांबीरुंदीत त्यामुळे काही फरक पडत नाही, कारण धुरा, विहीर आणि शेजारी सगळेच एकत्र सरकतात, आणि कॉर्स केंद्रांचे आकडे एका ठरलेल्या तारखेचे धरले जात असेपर्यंत रोव्हरवरही तो दिसत नाही. पण पंचवीस वर्षांनी ती तारीख बदलून नवे आकडे स्वीकारले गेले, तर परभणीतल्या कोणत्याही विहिरीचे अक्षांश-रेखांश सव्वा मीटराने बदललेले आढळतील. तेव्हा मोजणीच्या नकाशावर नुसते अक्षांश-रेखांश न लिहिता ते कोणत्या चौकटीतले आणि कोणत्या वर्षाचे हेही त्याच ओळीत लिहिणे आवश्यक आहे.